गोदीचा कायापालट आणि मावळचा माणूस

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा कायापालट करण्याची चर्चा गेली अनेक वर्षे चालू आहे. बॅलार्ड पिअरपासून माझगाव, दारुखाना, कॉटन ग्रीन, शिवडी आणि पुढे वडाळ्यापर्यंत पसरलेली मुंबई बंदराची सुमारे १,८०० एकर जमीन हा या चर्चेचा विषय आहे. २०१४ मध्ये श्रीमती राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१८ मध्ये या जमिनीच्या नियोजनाचे अधिकार बंदराच्याच विश्वस्त मंडळाकडे आले. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो बोट सुरू झाली. जुन्या वखारी, गंजलेले रूळ आणि ओसाड धक्के यांच्या जागी उद्याने, विहारपथ, कार्यालये व प्रवासी जहाजांसाठी सुसज्ज स्थानके यावीत, अशी ही कल्पना आहे. शंभर-सव्वाशे वर्षे उंच भिंतींआड राहिलेला समुद्र मुंबईकरांना दिसू लागणार असेल, तर त्यात वाईट काय, असे कोणीही विचारील.

लोणावळ्याच्या किंवा वडगावच्या वाचकाला ही बातमी परक्या गावाची वाटण्याचा संभव आहे. बोरघाटाच्या खाली जे काही घडते ते मुंबईचे, त्याच्याशी मावळाचा संबंध एवढाच की शनिवार-रविवारी तिकडच्या मोटारी इकडे येतात, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज दोन कारणांनी चुकीचा आहे. मुंबईची गोदी आणि तिच्या पाठीशी उभी असलेली गिरणी ज्या श्रमावर व पाण्यावर चालली, त्यात मावळाचा वाटा मोठा होता, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. गोदीच्या जमिनीबाबत उद्या जे प्रश्न उभे राहणार आहेत, तेच प्रश्न मावळातल्या धरणांच्या काठांवर आजच उभे आहेत. जागेचा जुना उपयोग संपला आणि नवा सुरू झाला, तर जुन्या उपयोगावर ज्यांचे पोट होते किंवा त्या उपयोगासाठी ज्यांनी घरदार सोडले, त्यांचे नव्या व्यवस्थेत स्थान काय, हा तो प्रश्न होय.

घाटाने जोडलेले नाते

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, जहाजांना खुली झाली. परंतु गोदीच्या आधी घाट फुटावा लागला. १८५६ मध्ये सुरू झालेले बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८६३ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी हजारो मजूर राबले आणि कितीतरी दगावले. दख्खनचा माल बंदराकडे उतरू लागला तो या मार्गाने. आणि मालामागोमाग माणूसही उतरला. भाताची खाचरे पावसाळ्याचे चार महिने काम देत, उरलेल्या आठ महिन्यांचे काय, हा प्रश्न मावळच्या शेतकऱ्याला मुंबईने सोडवून दिला. कोणी गिरणीत साचावर उभा राहिला, कोणी गोदीत पोती वाहिली. डबेवाल्यांचा तर मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या पट्ट्याशी असलेला संबंध जगजाहीर आहे. गावाकडचे घर, लग्नकार्य आणि पोरांचे शिक्षण मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले.

माणसांच्या मागून पाणीही गेले. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वलवण व शिरोता येथील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज निर्माण केली जाऊ लागली, आणि १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लगतच्या मुळशी पेट्यात हाच प्रयोग पुन्हा होऊ लागला, तेव्हा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. तथापि, ज्याच्या जमिनीवर समृद्धी उभी राहते त्याला त्या समृद्धीत काय मिळते, हा प्रश्न या सह्याद्रीच्या कुशीत त्या वेळी इतक्या स्पष्टपणे विचारला गेला की पुढच्या प्रत्येक धरणाला त्याचे उत्तर द्यावे लागले. मुंबईच्या औद्योगिक वैभवाच्या पायात मावळाची माणसे आणि मावळाच्या बुडालेल्या दऱ्या अशा रीतीने एकत्र गाडलेल्या आहेत.

गोदी ओस पडली ती एका दिवसात नव्हे. पोत्यांची जागा पोलादी कंटेनरने घेतली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मोठा व्यापार खाडीपलीकडे गेला. ज्या कामाला पूर्वी हमालांची टोळी लागे ते काम क्रेनवरचा एक माणूस करू लागला. १९४८ च्या कायद्याने गोदी कामगाराला नोकरीची शाश्वती दिली होती, पण त्याची पिढी निवृत्त होत गेली आणि तिची जागा घेणारे कोणी उरले नाही. गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे जे झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. घाटावरच्या गावांना मुंबईशी जोडणारा श्रमाचा दोर असा एकाच काळात दोन ठिकाणी तुटला.

गिरणगावाचा धडा

ओसाड झालेल्या जमिनीचे काय करावे, याचा महाराष्ट्राला पहिला मोठा अनुभव गिरणगावाने दिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत एक न्याय्य सूत्र होते. गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावयाचा होता. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. एका शब्दाच्या अर्थाने सार्वजनिक वाटा कसा आकसतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण. चिमणीच्या सावलीत दुकानांचे महाल उभे राहिले. आणि गिरणी कामगारांच्या घरांसाठी आलेले अर्ज लाखाच्या वर गेले असता, घरे मात्र सोडतीने, थोडी थोडी आणि दूरदूर मिळत राहिली.

गोदीच्या जमिनीवर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. येथे मालक खासगी नसून सार्वजनिक संस्था आहे, ही जमेची बाजू. पण या जमिनीवर भाडेकरू आहेत, पिढ्यान्पिढ्या वखारी चालविणारे व्यापारी आहेत, दारुखान्यात जहाजे तोडणारे मजूर आहेत आणि कोणत्याही कागदावर नाव नसलेले झोपडवासी आहेत. नकाशावर उद्यान रंगविताना यांपैकी कोणाला माणूस म्हणून मोजले जाणार आणि कोणाला अतिक्रमण म्हणून, यावर सगळ्या योजनेची नैतिक किंमत ठरणार आहे.

लंडनचा अनुभव

या वाटेवर लंडन आधीच जाऊन आले आहे. टेम्स नदीकाठच्या गोद्या १९६७ ते १९८१ या अवधीत एकामागून एक बंद पडल्या. १९८१ मध्ये तेथील सरकारने एक विकास महामंडळ स्थापून स्थानिक निर्वाचित संस्थांचे नियोजनाचे अधिकार त्याच्याकडे सोपविले. महामंडळाने १९९८ पर्यंत काम केले. बाह्य दृष्टीने पाहता यश डोळे दिपविणारे होते. नवी रेल्वे आली, विमानतळ आला, कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले आणि ओसाड पडलेला भाग जगाच्या वित्तव्यवहाराचे एक केंद्र बनला.

परंतु गोदीत जहाज रिकामे करणाऱ्या मजुराला बँकेच्या कचेरीत नोकरी मिळत नाही, ही साधी गोष्ट मनोरे उभारणाऱ्यांनी गृहीतच धरली नव्हती. नव्या नोकऱ्या आल्या त्या बाहेरून येणाऱ्या सुशिक्षितांबरोबर आल्या. नवी घरे मुख्यतः विकत घेणाऱ्यांसाठी होती; भाड्याच्या सरकारी घराची वाट पाहणारे वाट पाहातच राहिले. वरच्या थरात ओतलेली संपत्ती आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत तेथे कसाला लागला आणि उणा ठरला. रॉयल डॉक्सच्या परिसरातील रहिवाशांनी १९८३ मध्ये आपला स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला होता. विमानतळाऐवजी काम, घरे आणि लहान मुलांची सोय त्यांनी मागितली होती. आराखडा स्वीकारला गेला नाही. पण सामान्य माणसांना नियोजन कळत नाही, हा समज त्याने खोटा पाडला.

लोणावळ्याची गोदी

आता घाट चढून वर यावे. लोणावळ्याला समुद्र नाही. परंतु काम संपलेल्या आणि करमणुकीला लागलेल्या जागा लोणावळ्यातही आहेत. भुशी धरण हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण. ब्रिटिश अमदानीत रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी हे धरण बांधले. घाटात विजेची इंजिने आली, वाफेची इंजिने हळूहळू गेली, आणि धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारे पाणी पावसाळी पर्यटनाचे केंद्र बनले. या बदलाची योजना कोणी केली नव्हती. तो घडत गेला. म्हणूनच गर्दीला मर्यादा किती, धोक्याची जागा कोणती, आणि जबाबदारी रेल्वेची, नगरपरिषदेची की वनखात्याची, याचा निकाल लागायचा राहिला. ३० जून २०२४ रोजी भुशी परिसरातील धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला या प्रश्नाची जाणीव झाली.

वर्षभराने, १५ जून २०२५ रोजी, मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. हा पूल गावकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी होता. रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीचा भार वाहण्यासाठी तो बांधलाच नव्हता. स्थानिकांची एक साधी सोय शहराच्या विरंगुळ्याचे ठिकाण बनली. ती दोघांनाही पुरी पडेल अशी करण्याचे मात्र राहून गेले.

पवनेचा काठ

याहून गंभीर प्रश्न पवनेच्या काठावर आहे. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. त्याने पिंपरी-चिंचवडची तहान भागविली, कारखान्यांना पाणी दिले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या अशा १,२०३ खातेदारांपैकी ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली आणि ८६३ जण मागे राहिले. अर्धे शतक उलटून गेले तरी हा आकडा मोर्चांत, निवेदनांत आणि मंत्रालयातील बैठकांत पुन:पुन्हा ऐकू येत राहिला. धरणासाठी संपादित होऊनही पाण्याखाली न गेलेल्या जमिनीतून वाटा मिळावा, ही धरणग्रस्तांची मागणी जुनी आहे.

या अवधीत काठ बदलला. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि दोन्ही महानगरे मावळाच्या दाराशी आली. जलाशयाभोवती बंगले उठले, तंबूंच्या वसाहती लागल्या, 'पाण्याचे दर्शन' ही विक्रीची वस्तू बनली. जी जमीन भातासाठी जोखली जात होती ती आता देखाव्यासाठी जोखली जाऊ लागली. ज्याच्या आजोबांची शेती या पाण्याच्या तळाशी आहे, त्याचा नातू त्याच पाण्याच्या काठावरील बंगल्यात राखणदार म्हणून काम करतो, तेव्हा त्याला रोजगार मिळाला असे जरूर म्हणता येईल. त्याला न्याय मिळाला असे म्हणता येणार नाही.

९ ऑगस्ट २०११ ची घटना या पार्श्वभूमीवर आठवावी लागते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला विरोध करणारे शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्या संतापामागे केवळ एका जलवाहिनीचा प्रश्न नव्हता. जमीन गेली, मोबदला अपुरा राहिला, आणि नदीच्या पात्रातून वाहणारे पाणी तेवढे अजून आपले आहे, तेही आता नळात बंद होणार, ही भावना त्यामागे होती.

खातेदारांची निदान यादी तरी आहे. मावळातील कातकरी, ठाकर व महादेव कोळी यांच्यापैकी ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, त्यांची गणना कोणत्या यादीत होते? नदीतली मासळी, रानातला डिंक, खंडाने केलेली शेती यांचा मोबदला ठरविण्याचे कोष्टक संपादनाच्या दफ्तरात नसते. दारुखान्यातला झोपडवासी आणि पवनेकाठचा भूमिहीन यांचे दुःख येथे एकच होते. दोघेही नकाशावर नाहीत.

पगारदार माणसालाही ही झळ लागल्यावाचून राहत नाही. जागेचा भाव महानगरातील श्रीमंताच्या दुसऱ्या घराच्या हिशेबाने ठरू लागला, की लोणावळ्यातील शाळेचा शिक्षक किंवा नगरपरिषदेतील कारकून यांचा पगार त्या भावाला पुरा पडत नाही. आठवड्याचे पाच दिवस कुलूप असलेले बंगले आणि भाड्याची खोली न मिळणारी कुटुंबे एकाच गावात नांदू लागतात.

दुसरी बाजू

या बदलाला दुसरी बाजू नाही असे मात्र समजू नये. गोदीतील जुने जीवन हेवा करावा असे नव्हते. पाठीवर पोती वाहून वाकलेली हाडे, कोळशाच्या धुळीने भरलेली छाती आणि एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण हे त्याचे वास्तव होते. मावळातली शेतीही पावसावर हवाला ठेवणारी आणि तुकड्यातुकड्यांची. पर्यटनाने अनेक तरुणांना गावात राहून चार पैसे मिळवून दिले. चुलीवरचे जेवण, तंबू, होड्या, चिक्कीची दुकाने यांवर कुटुंबे उभी राहिली. मुंबईतील दाटीवाटीत गुदमरणाऱ्या माणसाला मोकळा समुद्र आणि हिरवा डोंगर यांचा हक्क आहे, हेही मान्य केले पाहिजे. ओसाड धक्का तसाच ओसाड ठेवून किंवा मावळाला कुंपण घालून कोणाचेही भले होणार नाही.

प्रश्न बदल हवा की नको, हा नाहीच. बदलाचा लाभ कोणत्या क्रमाने वाटायचा, हा आहे. आजवरचा क्रम असा राहिला, की प्रथम जमिनीची किंमत वाढते, मग ती विकत घेण्याची ऐपत असलेला येतो, आणि अखेरीस, काही उरलेच तर, मूळच्या माणसाची आठवण होते. हा क्रम उलटा करणे अशक्य नाही. त्याला आधार महाराष्ट्रातच आहे, आणि योगायोग असा, की तो मुंबईची गोदी ओस पाडणाऱ्या न्हावा-शेवाच्या परिसरातच घडला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व शासनाला स्वीकारावे लागले. अंमलबजावणी रेंगाळली, दलालांनी हात धुऊन घेतले, हे खरे. तरीही शेतकऱ्याला केवळ मोबदला न देता विकासात भागीदार करावे, हा विचार त्याने कायम केला.

मोजमाप कशाने?

हेच तत्त्व गोदीलाही लावता येईल आणि पवनेलाही. त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागतील. पहिली वीट रचण्यापूर्वी त्या जागेवर राहणाऱ्या व राबणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हावी. मालक, भाडेकरू, मजूर आणि बिनकागदाचा रहिवासी यांत भेद करू नये. जुने देणे आधी फिटावे. ८६३ खातेदारांचा हिशेब पुरा झाल्याखेरीज पवनेच्या काठावर नव्या पर्यटन योजनेची कोनशिला बसविण्याचा अधिकार कोणालाही नसावा. समुद्राचा असो वा तलावाचा, काठ सार्वजनिक राहावा. पाण्याचे दर्शन घेण्यासाठी खोलीचे भाडे भरावे लागणे ही सुसंस्कृत समाजाला शोभणारी गोष्ट नव्हे. आणि नव्या कामाचे शिक्षण काम येण्यापूर्वी मिळावे. लोणावळ्यात किंवा माझगावात उपाहारगृह उघडल्यावर स्थानिक मुलाला भांडी घासण्याचे काम देणे हे सोपे असते; त्याला व्यवस्थापक होण्याइतके आधी शिकविणे, ही खरी पुनर्रचना.

यांत क्रांतिकारक काही नाही. बहुतेक गोष्टी कायद्यांत लिहिलेल्या आहेत. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्येच केला. देशाने २०१३ मध्ये भूसंपादनाचा नवा कायदा करून सामाजिक परिणामांच्या पाहणीचे तत्त्व मान्य केले. उणीव कायद्याची नसून कायद्याकडे लक्ष ठेवणाऱ्या लोकांची आहे. आराखडे प्रसिद्ध होतात, हरकतींसाठी मुदत दिली जाते, आणि ती मुदत बहुधा कोणी न वाचताच संपते. रॉयल डॉक्सच्या रहिवाशांनी जे केले ते वडगाव, कामशेत, लोणावळा येथील शिक्षक आणि विद्यार्थ्यांना न करता येण्यासारखे नाही. आपल्या गावच्या नदीकाठी कोणाची किती जमीन होती, ती कधी गेली, त्याबदल्यात काय मिळाले आणि आज तेथे काय उभे आहे, एवढी चार रकान्यांची वही एखाद्या महाविद्यालयाने भरली, तरी शासनाच्या कोणत्याही अहवालाहून ती अधिक मोलाची ठरेल. अशी वही भरलेली असेल, तर आराखडा वाचायला बसणाऱ्या माणसाला हरकत काय घ्यायची हे कोणी सांगावे लागणार नाही.